वस्तऱ्यावरील डाग

इतिहास म्हणजे तरवारींचा इतिहास, असा आपल्याकडे एक समज रूढ होऊन बसला आहे. तरवार कोणीं उपसली, कोठें चालविली व कोणावर पडली यांची हकीकत बखरींतून सांपडते. परंतु तिच्याच जातीच्या पोलादाचें जें एक बोटभर रुंदीचें पातें शतकानुशतकें आपल्या पूर्वजांच्या गालांवरून व गळ्यावरून फिरत आलें, त्याची बखर कोणीं लिहिली नाहीं. शत्रूपुढें ज्यानें कधीं मान वांकविली नाहीं अशा पुरुषानेंहि या पात्यापुढें मात्र डोळे मिटून गळा पुढें केला. इतका विश्वास ज्या हत्यारावर व तें धरणाऱ्या हातावर माणसानें टाकला, त्या दोहोंचा इतिहास आपणांस ठाऊक नसावा, ही गोष्ट आम्हांस थोडी लाजिरवाणी वाटते.

प्रस्तुत लेखांत वस्तऱ्याचा सगळा इतिहास सांगण्याचा आमचा विचार नाहीं. त्याच्या एका लहानशा अंगाकडेच आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, आणि तें अंग म्हणजे त्यावर पडणारा डाग. हा डाग पडतो कां, तो काढावा कसा, आणि ही काढण्याची विद्या कोणाच्या हातीं राहिली, एवढाच प्रश्न. न्हाव्याचा उकिरडा कितीहि उकरला तरी केसच निघावयाचे, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमचें म्हणणें असें कीं, तो जरा नेटानें उकरला तर त्यांत पोलादाच्या विद्येचा एक मोठा वारसा सांपडतो. आणि आपल्या समाजाच्या एका जुन्या पापाचा व त्या पापाच्या क्षालनाचाहि वृत्तांत सांपडतो.

विवेचन करतांना एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असलेलें बरें. म्हणून आम्ही जालना जिल्ह्यांतील, भोकरदन तालुक्यांतील हसनाबाद हें गांव घेतों. हें गांव कोणाची राजधानी म्हणून प्रसिद्ध नाहीं, आणि म्हणूनच तें आमच्या कामाचें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तें निजामाच्या राज्यांत होतें. १९५६ त मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आलें. आणि १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा निराळा झाला तोंपर्यंत त्याचा जिल्हा औरंगाबाद होता. सरकारें अशीं बदलत गेलीं, पण मराठवाड्यांतील अशा गांवांची आंतली घडी पिढ्यान्‌पिढ्या बलुत्यांवर उभी होती. सुतार, लोहार, कुंभार, परीट यांच्याबरोबर न्हावी हाहि बलुतेदार. सुगीच्या वेळीं खळ्यावर त्याचा धान्याचा वांटा ठरलेला, आणि त्याच्या मोबदल्यांत वर्षभर घरोघर जाऊन हजामत करणें हें त्याचें काम. लग्नकार्यांत व जावळाच्या विधींत त्याचा मान निराळा. त्याचें सारें भांडवल एका चामड्याच्या धोकटींत मावे: दोनचार वस्तरे, कात्री, पथरी, चामड्याचा पट्टा, नराणी, चिमटा, आरसा आणि पाण्याची वाटी. या भांडवलांत मोलाचा वस्तरा, आणि वस्तऱ्याचा वैरी गंज.

हें वैर पोलादाच्या जन्मापासूनचें आहे. लोखंडास धार टिकावी इतका कठीणपणा यावा म्हणून तें लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडवितात. आपल्या भाषेंत या क्रियेस 'पाणी देणें' असें म्हणतात. पोलादाचा सगळा गुण या पाण्यांत. माणसाच्या तेजालाहि आपण 'पाणी' म्हणतों तें याच भट्टीवरून. पण ज्या पाण्यानें पोलादास तेज येतें, तेंच पाणी पुढें जन्मभर त्याचा घात करावयास टपलेलें असतें. ओलावा आणि हवेंतील प्राणवायु यांचा लोखंडाशीं संयोग झाला कीं गंज होतो. घामांतील व साबणांतील क्षारांनीं ही क्रिया अधिक वेगानें चालते. शिवाय गंज जितकें लोखंड खातो त्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून तो फुगतो, भेगाळतो, आणि त्या भेगांत पुन्हा ओल धरून ठेवतो. घराच्या कडीकोयंड्यावर चार ठिपके पडले तर कांहीं बिघडत नाहीं. वस्तऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या धारेची कड मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाइतकी, किंवा त्याहूनहि बारीक असते. तेथें नजरेस न दिसणारा एक ठिपका पडला तरी कड करवतीसारखी होते, आणि तिचा जाब गिऱ्हाइकाचा गाल देतो.

या वैराची जाणीव आपल्या देशांत फार प्राचीन आहे. अथर्ववेदांत क्षौरविधीचें सूक्त आहे. कठोपनिषदांत मोक्षमार्गाच्या बिकटपणास वस्तऱ्याच्या धारेची उपमा दिलेली सर्वश्रुत आहे. पण उपमा देणें निराळें आणि तें हत्यार प्रत्यक्ष संभाळणें निराळें. संभाळण्याची काळजी आम्हांस प्रथम दिसते ती बौद्धांच्या विनयपिटकांत. त्यांतील चुल्लवग्गांत भिक्षूंनीं एकमेकांचें क्षौर करावें अशी व्यवस्था सांगून, त्यासाठीं वस्तरा, वस्तऱ्याची पथरी, नमद्याचा तुकडा व क्षौराचें सर्व साहित्य बाळगण्यास बुद्धांनीं परवानगी दिल्याचें सांगितलें आहे. त्याच यादींत 'खुरसिपाटिका' असा एक शब्द येतो. कांहीं विद्वान् त्याचा अर्थ वस्तऱ्याचें म्यान असा करितात. आणि दुसरे कांहीं, वस्तऱ्यास गंज चढूं नये म्हणून लावावयाची डिंकमिश्रित पूड असा करितात. दुसऱ्या अर्थास त्याच प्रकरणांतील सुयांच्या हकीकतीनें बळ येतें. भिक्षूंच्या सुया गंजूं लागल्या म्हणून प्रथम त्यांना नळी मिळाली. नळींतहि गंजतात असें दिसल्यावर ती किण्वानें, मग सातूच्या पिठानें, मग दगडाच्या पुडीनें भरून पाहिली. आणि अखेर मेणाचाहि आश्रय करण्यांत आला. सर्वसंगपरित्याग केलेल्या माणसांच्या धर्मग्रंथांत सुईच्या गंजावर एकामागून एक असे उपाय योजून पाहिल्याची नोंद असावी, यांत आम्हांस तरी विसंगति दिसत नाहीं. ज्याच्याजवळ एकच वस्तु आहे, त्यालाच तिची निगा ठेवावी लागते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बौद्ध परंपरेप्रमाणें बुद्धांच्या निर्वाणानंतर राजगृहास पहिली संगीति भरली, तेव्हां विनयाचे नियम सांगण्याचा मान उपालीस मिळाला. आणि हा उपाली पूर्वाश्रमींचा शाक्यांचा न्हावी होता. वस्तऱ्याच्या निगेचे जे नियम आज आपण वाचतों, ते परंपरेच्या म्हणण्याप्रमाणें एका न्हाव्याच्याच तोंडून संघानें ऐकले.

हें सारें हसनाबादेपासून फार दूरचें आहे असें वाचकांनीं समजूं नये. ज्या भोकरदन तालुक्यांत हें गांव येतें, तें भोकरदन म्हणजे केळणेच्या कांठचें प्राचीन भोगवर्धन. सातवाहनांच्या काळीं तें व्यापाराचें भरभराटलेलें नगर होतें; तेथील उपासकांचीं नांवें सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत कोरलेलीं आहेत, आणि १९७३ सालच्या उत्खननानें त्याचें वैभव पुन्हा उजेडांत आलें. तेथून उत्तरेस अजिंठ्याचीं लेणीं. त्या लेण्यांच्या भिंतींवर जे मुंडित भिक्षु रंगविलेले आहेत, त्यांचीं मस्तकें कोणत्या तरी वस्तऱ्यानेंच तशीं झालीं. आणि पावसाळ्याचे चार महिने वाघोरेच्या त्या दमट घळींत राहणाऱ्या संघाला गंजाची चिंता करावी लागली नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

वैद्यकांतहि ही दृष्टि आढळते. सुश्रुतानें शस्त्रांचे आठ दोष सांगितले आहेत. त्यांत बोथटपणा, तुटकी धार व खरखरीत धार हे तीन येतात. आणि गंजाच्या एकाच डागानें हे तिन्ही दोष उत्पन्न होऊं शकतात हें कोणाहि कारागिराच्या अनुभवाचें आहे. शस्त्रास पाणी देण्याचे क्षार, उदक व तैल असे तीन प्रकार त्यानें सांगितले. धार लावण्यासाठीं उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार स्थिर करण्यासाठीं सांवरीच्या लांकडाची फळी असावी, असेंहि तो म्हणतो. आणि केस सहज तोडील तेव्हांच शस्त्र सिद्ध झालें असें समजावें, ही त्याची कसोटी. शिळेच्या जागीं पथरी आणि फळीच्या जागीं चामड्याचा पट्टा मानला, तर सुश्रुताच्या शस्त्रपेटींत व गांवच्या धोकटींत तत्त्वाचा भेद राहत नाहीं. भेद पडला तो प्रतिष्ठेचा. एकाची विद्या शास्त्र ठरून ग्रंथांत गेली. दुसऱ्याची हुन्नर ठरून हातांतच राहिली.

आतां पोलादाकडे वळूं. ज्या राज्याच्या वायव्य कोपऱ्यांत हसनाबाद होतें, त्याच निजामाच्या राज्यांत, तेलंगणाच्या बाजूस, कोनसमुद्रम् नांवाचें गांव आहे. तेथें मातीच्या बंद मुशींतून असें पोलाद तयार होई कीं त्यासाठीं इराणचे व्यापारी येत. हेन्री वॉइसी नांवाचा एक इंग्रज डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं भूमापनाच्या कामावर असतांना तेथें गेला होता. त्याचा वृत्तांत त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ सालीं, बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापला गेला. त्यांत पोलाद विकत घेण्यासाठीं इस्फहानहून आलेल्या एका व्यापाऱ्याचीहि गांठ पडते. इंग्रज ज्याला 'वूट्झ' म्हणत तें हेंच मुशीचें पोलाद. याचे नमुने मुंबईहून डॉक्टर हेलेनस स्कॉट यानें लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले, आणि १७९५ सालीं जॉर्ज पिअर्सन यानें त्यांवर आपला निबंध वाचला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा नामांकित शस्त्रकार तर या हिंदी पोलादावर इतका लुब्ध झाला कीं, उत्तम धारेच्या हत्यारांसाठीं त्याची शिफारस तो स्वतः करूं लागला.

याच स्टोडार्टनें पुढें मायकेल फॅरडे या लोहारपुत्र शास्त्रज्ञास हाताशीं धरून पोलादांत निरनिराळ्या धातु मिसळून पाहण्याचे प्रयोग केले, आणि १८२० व १८२२ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. विजेच्या शोधांमुळें जगद्विख्यात झालेला हा फॅरडे आपल्या मित्रांस स्वतःच्या पोलादाचे वस्तरे भेट देत असे. या प्रयोगांचे हेतु त्यांनीं दोन सांगितले होते: एक, शुद्ध पोलादाहून चांगली धार धरणारी धातु मिळते काय, आणि दुसरा, हवेनें कमी बिघडणारी, म्हणजे कमी गंजणारी धातु मिळते काय. पुढील शंभर वर्षांत झालेल्या सर्व खटपटीचें बीज या दोन प्रश्नांत आहे. आणि गंमत ही कीं, दोहोंचें उत्तर एकाच धातूंत मिळणें फार काळ शक्य झालें नाहीं. १९१३ सालीं शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें क्रोमियम मिसळून न गंजणारें पोलाद काढलें, तेव्हां तेथील सुऱ्या करणारे कारागीर त्यास न कापणाऱ्या सुरीचा जनक म्हणून हिणवूं लागले. डाग पडत नव्हता, पण धारहि बसत नव्हती. जुन्या पोलादाचें उलटें. त्याची धार अप्रतिम, म्हणूनच त्यास डागाचें भय.

हें भय ज्यानें बाळगिलें त्याला डाग काढण्याची कला आलीच पाहिजे. ही कला म्हणजे घासणें नव्हे. भांड्यावरचा डाग राखेनें घासून काढणाऱ्या गृहिणीचें अनुकरण वस्तऱ्यावर केलें, तर डागाबरोबर वस्तराहि जातो. या कलेंत पहिलें काम डाग ओळखण्याचें. पांढुरके ठिपके दिसले तर तो गंजच नव्हे. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी जड, तें पात्यावर सुकलें कीं त्यांतील चुना मागें राहतो. फडक्यावर लिंबाच्या रसाचा एक थेंब घेऊन पुसला कीं तो जातो. पण लिंबाचें आम्ल पोलादासहि खातें, म्हणून पातें तत्काळ धुऊन, कोरडें करून तेलाचा हात द्यावा लागतो. तुरटीचेंहि तसेंच. दाढीनंतर गालास सुखविणारी तुरटी पाण्यांत आम्लधर्मी होते, आणि तिचा ओला हात पात्यास लागला तर दुसऱ्या दिवशीं तेथें छाप उमटते. तांबूस, पिठासारखा गंज हा ताजा गंज. त्यावर खोबरेल रात्रभर मुरूं द्यावें आणि सकाळीं मऊ फडक्यानें पुसावें. बहुधा तेवढ्यानें काम भागतें. त्याहून जुना, तपकिरी व हातास खरखर लागणारा गंज असेल तर अत्यंत बारीक वस्त्रगाळ पूड तेलांत कालवून ती हलक्या हातानें चोळावी लागते. पातें लांकडावर सपाट ठेवावें, बोटें पाठीच्या बाजूस असावीं, आणि हात नेहमीं पाठीकडून धारेकडे सरकावा. धारेकडून पाठीकडे कधींच नाहीं. प्रत्यक्ष धारेवर तर पूड नेऊंच नये. तिचा निवाडा पथरीवर.

काळा डाग निराळा. तो लोखंडाच्या दुसऱ्या प्रकारच्या गंजाचा, घट्ट बसलेला थर असतो. आणि पुष्कळदां तो आपल्या खालच्या पोलादाचें रक्षणच करतो. जाणता कारागीर त्याच्या वाटेस जात नाहीं. वस्तरा आरशासारखा दिसावा हा हौसेचा प्रश्न, आणि तो चालावा हा पोटाचा प्रश्न, हें त्याला कळतें. शेवटचा प्रकार खड्ड्यांचा. गंज आंत उतरून बारीक खळगे पडले, तर ते घासून काढणें म्हणजे भोंवतालचें सर्व पोलाद खळग्याच्या तळापर्यंत झिजविणें. खळगा पाठीजवळ असेल तर तो तसाच राहूं द्यावा. धारेजवळ असेल तर पथरीवर धार मागें हटवीत न्यावी, आणि खळगा संपेपर्यंत पातें उरलें तर ठीक, नाहीं तर तो वस्तरा मोडींत काढावा.

अडाण्याच्या हातून सर्वांत मोठी हानि होते ती फिरत्या चाकावर. पातें चाकावर धरलें कीं डाग क्षणांत नाहींसा होतो व वस्तरा नव्यासारखा चमकूं लागतो. पण घर्षणानें तें पातळ पातें तापतें. प्रथम त्यावर गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, आणि उष्णता सुमारें तीनशें अंशांपर्यंत गेली कीं निळी छटा उमटते. ती निळी छटा म्हणजे पोलादाचें पाणी उतरल्याची खूण. त्यानंतर तें पातें कितीहि पाजळलें तरी त्याची धार एका दाढीच्या पलीकडे टिकत नाहीं. डाग गेला, तेज आलें आणि गुण गेला, अशी ही सफाई. आणखी एक मौज अशी कीं, धारेस शेवटची झिलई देण्यासाठीं चामड्याच्या पट्ट्यावर जी तांबडी पूड चोळतात, तीहि रसायनदृष्ट्या लोखंडाचा गंजच आहे. ओबडधोबड असतांना जो गंज पोलाद खातो, तोच नीट दळून, गाळून, बेतानें वापरला तर पोलादास उजळवितो. वैरी आणि वैद्य यांच्यांत पुष्कळदां मात्रेचाच फरक असतो.

ही सगळी विद्या बापाच्या हाताखालीं बसून मुलानें उचलावयाची. तिचें पुस्तक नव्हतें, परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. मराठी संतपरंपरेनें मात्र तिची कदर केली. सेना न्हावी यांच्या नांवावरील प्रसिद्ध अभंगांत धोकटींतील आरसा व चिमटा हीं विवेकवैराग्याचीं रूपकें होऊन आलीं आहेत. आणि सेनांचें एक पद शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांतहि समाविष्ट आहे. परंतु पंढरीच्या वाळवंटांत जो मान मिळाला, तो गांवांत मिळाला नाहीं. पहांटे ज्याच्या हातीं गळा द्यावयाचा, त्याच्या स्पर्शानंतर स्नान करावयाचें, हा आमच्या पांढरपेशा घरांचा आचार. तोहि एक डागच; तो वस्तऱ्यावरचा मात्र नव्हे.

वस्तऱ्यावर खरा डाग पडला तो दुसऱ्या कारणानें, आणि तो आमच्याच घरांनीं पाडला. ब्राह्मण विधवेच्या केशवपनाची चाल महाराष्ट्रांत किती निष्ठुरपणें पाळली जाई, हें आजच्या तरुण वाचकांस सांगूनहि खरें वाटावयाचें नाहीं. पति वारला कीं दहाबारा वर्षांच्या मुलीलाहि न्हाव्यापुढें बसवीत, आणि पुढें जन्मभर ठराविक दिवसांनीं तेंच. गांवोगांवच्या पोरींच्या वाट्यास हें आलें, आणि त्या आक्रोशाचा साक्षीदार व साधन झाला तो गांवचा न्हावी. धर्म सांगणारा निराळा, आज्ञा देणारा निराळा. वस्तरा मात्र याचा.

या चालीविरुद्ध लेखण्या उठल्या. हसनाबादेच्या पूर्वेस लागूनच असलेल्या बुलढाण्याच्या मुलुखांतून ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून विधवेच्या विटंबनेचा जाब पुरुषजातीस विचारला. आगरकरांनीं या चालीवर कठोर टीका केली. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरींतील यमूची कहाणी 'करमणुकी'च्या वाचकांनीं अश्रु ढाळीत वाचली. या सर्वांचें ऋण मोठें आहे. परंतु लेखणीनें वस्तरा थांबत नाहीं. तो धरणाऱ्या हातानेंच थांबतो. आणि तो हात १८९० सालीं मुंबईस थांबला. महात्मा फुल्यांचे सहकारी व गिरणीकामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरविली, आणि विधवांच्या मस्तकांस आपला वस्तरा लावणार नाहीं असा निश्चय केला. ही वार्ता विलायतच्या वर्तमानपत्रापर्यंत गेली.

या प्रसंगाचा अर्थ आपण नीट लक्षांत घेतला पाहिजे. सुधारणेचा इतिहास लिहितांना आपण विद्वानांचीं नांवें लिहितों, आणि तीं लिहिलींच पाहिजेत. १८८९ त पंडिता रमाबाईंनीं शारदासदन काढलें. १८९३ त अण्णासाहेब कर्व्यांनीं तेथील विधवा विद्यार्थिनी गोदूबाईंशीं विवाह केला. पण ज्यांना शाळा फारशी मिळाली नव्हती, ज्यांची मिळकत एका धोकटींत मावत होती, आणि ज्यांना नकार देण्यानें उत्पन्न गमवावें लागणार होतें, त्यांनीं आपल्या हत्यारावरचा डाग आपल्या हातानें काढला. सुशिक्षितांपैकीं बहुतेकांनीं तोंपर्यंत केवळ चर्चा केली होती. एका सभेनें चाल मोडली असें आम्ही म्हणत नाहीं. ती पुढें कित्येक दशकें रेंगाळली. पण कारागीर आपल्या हत्याराच्या उपयोगाबद्दल जबाबदार आहे, हें तत्त्व त्या दिवशीं प्रस्थापित झालें. आणि शस्त्रें बनविणाऱ्या मोठमोठ्या राष्ट्रांना तें अद्याप उमगलेलें नाहीं.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९०३ सालीं अमेरिकेंत जिलेट यानें आपलें बदलत्या पात्याचें यंत्र बाजारांत आणलें; पहिल्या वर्षीं ५१ यंत्रें व १६८ पातीं खपलीं, आणि पुढें त्याच पात्यांनीं जग व्यापलें. पात्यास गंज चढला तर तें फेंकून द्यावें, निगा राखूं नये, हा या युक्तीचा आत्मा. १९६० नंतरच्या वर्षांत न गंजणाऱ्या पोलादाचीं पातीं सर्वत्र झालीं, आणि फॅरडेच्या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एका पात्यांत मिळालें. तरी सलूनमधील वस्तरा टिकून होता. त्याचा शेवट केला तो डोळ्यांस न दिसणाऱ्या डागानें. १९८६ सालीं भारतांत एड्सच्या विषाणूंचा संसर्ग प्रथम आढळला; रक्तांतून पसरणाऱ्या काविळीचेंहि भय होतेंच. एका गिऱ्हाइकाच्या रक्ताचा अदृश्य अंश दुसऱ्याच्या जखमेंत जाऊं नये म्हणून सलूनमध्यें प्रत्येक माणसास नवें पातें लावण्याची पद्धत आली. आज न्हाव्याच्या हातांत जो वस्तरा दिसतो तो बहुधा नुसता खांचेचा दांडा असतो. त्यांत अर्धें पातें बसवितात आणि काम झालें कीं टाकून देतात. ही सुधारणा सर्वस्वीं योग्य आहे. कितीहि कुशल हात असला तरी तेल व पूड यांनीं हा डाग निघत नाहीं. जुन्या कलेची मर्यादा तेथें स्पष्ट झाली, आणि ती मान्य करण्यांत तिचा अपमान नाहीं.

आज जालना शहर पोलादी सळयांच्या कारखान्यांसाठीं सर्व महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. देशोदेशींचें मोडकें, गंजकें लोखंड तेथें येतें, वितळतें आणि नव्या इमारतींच्या सळया होऊन जातें. गंज घालविण्याचा हा घाऊक मार्ग. त्यांत एका पात्याची निगा राखण्याचें कारण नाहीं. परंतु त्याच जिल्ह्यांत, हसनाबादेसारख्या गांवांच्या जुन्या घरांत, आजोबांची धोकटी खुंटीस टांगलेली कोठें सांपडली आणि तींतला वस्तरा डागांनीं काळवंडलेला दिसला, तर घरच्या सुशिक्षित नातवानें तो लखलखीत करण्याची घाई करूं नये, एवढी आमची विनंती आहे. तेलाचा हात द्यावा, ताजा गंज पुसावा, काळा डाग राहूं द्यावा. त्याबरोबरच घरांत जो कोणी वृद्ध कारागीर असेल त्याजपाशीं बसून पथरीचे, पाजळण्याचे व निगेचे शब्द लिहून घ्यावेत. कारण पातें कपाटांत शंभर वर्षें राहील, पण तो हात व ते शब्द राहणार नाहींत.

डाग काढण्यापूर्वीं तो कोणत्या जातीचा आहे हें ओळखणें, वरचा आणि आंतला यांत भेद करणें, पोलादाचें पाणी न उतरवितां हात चालविणें आणि योग्य जागीं थांबणें, हें सर्व आमच्या गांवचा न्हावी न लिहितां जाणत होता. आणि वेळ आली तेव्हां, कोणता डाग मुळींच राहूं द्यावयाचा नाहीं, हेंहि त्यानें जाणलें. विद्या ती हीच, असें आम्ही समजतों; आणि तिची नोंद आपल्या वाङ्मयांत फार उशिरा व फार थोडी झाली, याची खंत बाळगतों.